नाव नको, तारीख सांगा

जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले आणि जुलै २००९ पर्यंत त्यावर ‘बीटा’ अशी पाटी होती. रूढ क्रम असा: कंपनीतल्या कंपनीत तपासतात ती अल्फा, बाहेरच्यांच्या हाती चाचणीसाठी देतात ती बीटा आणि त्यानंतर येते ती स्थिर आवृत्ती. पण कोट्यवधी लोक रोजचा पत्रव्यवहार ज्यावर करत होते, ते पाच वर्षे चाचणीतच? पाटी उतरवताना गूगलने कारणही उघडपणे सांगितले: मोठ्या कंपन्या बीटा सॉफ्टवेअर घ्यायला बिचकतात. म्हणजे पाटी निघाली ती गिऱ्हाइकांसाठी. प्रोग्रॅम एका रात्रीत काही बदलला नव्हता. अशी नावे प्रोग्रॅमच्या अवस्थेपेक्षा बनवणाऱ्याची सोयच जास्त सांगतात. वापरणाऱ्याला हवे असते ते एवढेच, की बिघाड निघाला तर दुरुस्त कोण करणार आणि कधीपर्यंत.

शेवटच्या टप्प्याचे नाव तर साफ दिशाभूल करते. विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी ‘अंत’ झाला असे म्हणतात, पण ९ तारखेला ती सगळी यंत्रे नेहमीसारखी सुरू झाली. प्रोग्रॅम पंख्यासारखा झिजत नाही. थांबते ती त्याची डागडुजी. त्यानंतर सापडलेले सुरक्षेचे भगदाड सहसा उघडेच राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टला या ‘मृत’ एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. उबुंटू या संगणकप्रणालीची पद्धत त्यामानाने प्रामाणिक वाटते. २४.०४ या क्रमांकातच २०२४ चा एप्रिल आहे आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, हे आधीच जाहीर असते.

तारखाही पाळल्या जात नाहीत, असा आक्षेप येईल. खरेच आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची मुदत आधी २०१५ होती, ती २०२० वर गेली. मात्र तारीख पुढे ढकलली की ते सर्वांना दिसते आणि जाबही विचारता येतो. ‘बीटा’ला कसला जाब विचारणार? डोनाल्ड नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा अपवाद मात्र मान्य करायला हवा. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. त्यात नवी भर घालायची नाही, फक्त चुका सुधारायच्या, असे नुथ यांनी ठरवून टाकले आहे. तिथे तारखेची गरज नाही, कारण काम पुरे झाले आहे. पण टेकचा इंटरनेटवरच्या हल्लेखोरांशी रोजचा सामना नसतो. फोनचा असतो, आणि तिथे हवा बदलते आहे: गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले, तर युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक झाले आहे.