केंब्रिज: आधीं गांव, मग नदी

'ब्रिज' म्हणजे पूल आणि 'कॅम' ही नदी. तेव्हां कॅम नदीवरील पुलाचें गांव तें केंब्रिज, ही व्युत्पत्ति मी कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. रँग्लर परांजपे १८९९ सालीं जेथें सीनिअर रँग्लर झाले तें हें गांव. मुलें कान देऊन ऐकत. पुढें पेन्शनींत स्थलनामांचा एक इंग्रजी कोश हातीं आला व त्यानें माझी चूक माझ्या पदरांत घातली.

केंब्रिज हें केंब्रिजशायर परगण्याचें मुख्य ठाणें. नदीचें जुनें नांव 'ग्रँटा'. अँग्लो-सॅक्सन बखरींत ८७५ सालच्या नोंदींत या गांवास 'ग्रँटब्रिज' म्हटलें आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांच्या जिभेवर या शब्दाची झीज होऊन प्रथम 'कँटब्रिज' व पुढें 'केंब्रिज' झालें. 'ब्रिज' म्हणजे पूल हें तर उघडच; मग उरलें तें नदीचें नांव, असा लोकांनीं तर्क केला, आणि नदीच 'कॅम' झाली! गांवाच्या वरच्या अंगास तिला अद्याप ग्रँटा म्हणतात.

यांत हंसण्याजोगें कांहीं नाहीं. मूळ शब्द 'असुर'. त्यांतील 'अ' नकारार्थी समजून आपल्या पूर्वजांनींही 'सुर' म्हणजे देव हा नवा शब्द घडविलाच कीं!

व्युत्पत्ति जितकी सोपी, तितकी ती अधिक पारखून घ्यावी. माझे जुने विद्यार्थी हें वाचीत असतील, तर त्यांनीं आपल्या मुलांना तरी खरी हकीकत सांगावी, एवढीच विनंती.