शेताच्या राखणीसाठी तारतुटीची घंटा : एक सोपी प्रतिकृती

खरीप हंगामात मका वा भुईमूग भरास आला, की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो आणि घरोघरी जागलीच्या पाळ्या लागतात. मोठ्यांबरोबर मुलेही बांधावर रात्र काढतात व दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात, हा अनुभव बहुतेक शिक्षकांस आहे. परंतु याहूनही गंभीर अशी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी शेताभोवती उघडी तार ओढून तीत घरगुती विजेचा प्रवाह सोडतात. हा प्रवाह २३० व्होल्टचा असतो. त्याचा धक्का बसताच हाताचे स्नायू आखडतात, तार सुटत नाही, आणि छातीतून काही दशांश नव्हे तर अवघे काही शतांश अँपिअर वाहिले तरी प्राण जाऊ शकतो. पहाटे पाण्याची पाळी द्यावयास गेलेला शेजारी, चुकलेले वासरू आणि रानडुक्कर यांत त्या तारेस भेद करता येत नाही. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये असा अनधिकृत वीजवापर गुन्हाही आहे. मुलांना नुसते 'करू नका' असे सांगून भागत नाही. त्याऐवजी काय करता येईल, हे त्यांच्या हातात द्यावे लागते. प्रस्तुत प्रतिकृतीचा हेतू तोच आहे.

साहित्य थोडे आहे : नऊ व्होल्टची लहान बॅटरी व तिची टोपी, तीन ते चोवीस व्होल्टवर चालणारा छोटा बझर, बीसी ५४७ या क्रमांकाचा एक ट्रान्झिस्टर, ४७ हजार ओहमचा एक रोधक (दुकानात यास रेझिस्टर म्हणतात, याचे पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी असे असतात), स्क्रूची जोडपट्टी, आणि जुन्या मोटारीच्या वेटोळ्यातून निघालेली केसासारखी बारीक तांब्याची तार. डाख देण्याची आवश्यकता नाही. जोडपट्टीने काम भागते व मुलांचे हातही भाजत नाहीत.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर असा क्रम येतो. बॅटरीचे धन टोक बझरच्या तांबड्या तारेस जोडावे. बझरची काळी तार कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकास. धन टोक व बेस यांच्यामध्ये रोधक बसवावा. एवढे होताच बझर वाजू लागेल. न वाजल्यास ट्रान्झिस्टरचे पाय उलट लागले आहेत असे बहुधा आढळते. आता बारीक तारेचे एक टोक बेसला व दुसरे एमिटरला जोडावे; बझर तत्काळ थांबेल. या तारेवर रोगणाचा पातळ लेप असतो. टोके ब्लेडने खरवडून तांबे उघडे केले नाही, तर घंटा थांबतच नाही. प्रदर्शनात फसणाऱ्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा आमच्या पाहण्यात याच एका कारणाने फसलेल्या आहेत.

हे घडते कसे? रोधकातून येणाऱ्या अत्यल्प प्रवाहास दोन वाटा आहेत : एक बेसमधून, दुसरी तारेतून. तार अखंड असेतोवर तो तारेच्या सोप्या वाटेने ऋण टोकाकडे जातो, बेसला काहीच मिळत नाही व ट्रान्झिस्टर बंद राहतो. जनावराच्या पायाने तार तुटली, की तोच प्रवाह बेसमध्ये शिरतो आणि त्याच्या शेकडोपट प्रवाहास बझरमधून वाट करून देतो. पाटाचे दार एका बोटाने उघडावे आणि पाटभर पाणी वाहू लागावे, तसाच हा प्रकार. पहारा चालू असताना बॅटरीतून अवघा एक पंचमांश मिलिअँपिअर प्रवाह खर्च होतो; म्हणून ती कित्येक आठवडे पुरते.

येथे मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. कपड्याच्या चिमट्यात प्लॅस्टिकचा तुकडा धरून, दोरी ओढताच तो निसटावा व घंटा वाजावी, अशीही युक्ती करतात. मग ती का नको? कारण दोरी उंदराने कुरतडली तर घंटा मुकीच राहते आणि आपण निर्धास्त झोपतो. आपल्या रचनेत तार कशानेही तुटो, घंटा वाजतेच. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली पेटंट घेतलेली रेल्वेची मार्गमंडल-पद्धती याच विचारावर उभी आहे. रुळांतून सतत प्रवाह वाहता ठेवतात. गाडी आली, रूळ तुटला वा बॅटरी संपली, तरी सिग्नल धोकाच दाखवितो. आपली घंटा इतकी परिपूर्ण नाही, कारण बॅटरी संपल्यास ती गप्प बसते. म्हणून रोज सायंकाळी तारेचे एक टोक सोडवून घंटा वाजते की नाही हे पाहावे. हा उणेपणा चाणाक्ष मुलगी आपणहून दाखवील. तिला तो दाखवू द्यावा.

दुसरा उणेपणा प्रयोगाने दाखविता येतो. तार तोडून तिची उघडी टोके मिठाच्या पाण्याच्या वाटीत बुडवावी. वाजणारी घंटा थांबेल, कारण खारे पाणी तुटलेल्या तारेची जागा घेते. टोकांमधील रोध सुमारे चार हजार ओहमच्या खाली आला, की बेस उपाशी राहतो. ओल्या चिखलात पडलेली टोके हाच घोटाळा करू शकतात. सबब तार जमिनीवर न टाकता बांबूच्या कोरड्या खुंट्यांवरून गुडघ्याइतक्या उंचीवर ओढावी.

बझर शेतात ठेवू नये. पन्नास मीटर बारीक तारेचा रोध ४७ हजारांपुढे नगण्य होय. त्यामुळे दोन लांब तारा घरापर्यंत आणून पेटी उशाशी ठेवता येते. घंटा वाजल्यावर मुलांनी शेतात धावून जावयाचे नाही, हे वारंवार सांगावे. बिथरलेले डुक्कर माणसावर चाल करते. मोठ्या माणसांनी सुरक्षित जागेवरून बॅटरीचा प्रकाश टाकावा, डबे वाजवावेत. प्रतिकृतीस बॅटरीखेरीज अन्य वीज कोणत्याही निमित्ताने जोडू नये, ही अट पेटीवर ठळक अक्षरांत लिहून घ्यावी.

सकाळी तुटलेल्या तारेचे तुकडे मोजून गोळा करावेत. ते वैरणीत गेले, तर गुरांच्या पोटात जाऊन इजा करतात.