यील्ड जातं कुठं?

जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय असो की मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलांची ऑरगॅनिक प्रॅक्टिकलमधली काळजी एकच: यील्ड कमी आलं. त्यावरचे सल्ले बॅचमागून बॅच फिरत राहतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात. अ‍ॅनिलीनपासून अ‍ॅसिटॅनिलाइड हा नेहमीचा प्रयोग घेऊन ते तपासू.

पहिली चूक आकडेमोडीतच होते. ५ ग्रॅम अ‍ॅनिलीन घेतलं, ५.४ ग्रॅम पदार्थ मिळाला, म्हणून १०८ टक्के! पण अ‍ॅनिलीनचा रेणुभार ९३ आणि अ‍ॅसिटॅनिलाइडचा १३५. म्हणजे ५ ग्रॅमपासून जास्तीत जास्त ७.२६ ग्रॅम मिळू शकतात आणि खरं यील्ड ७४ टक्के. हिशेब बरोबर करूनही आकडा शंभराच्या वर गेला, तर ती शाबासकीची गोष्ट नाही. पदार्थ ओला आहे किंवा त्यात भेसळ आहे.

‘अनहायड्राइड जास्त घाला, जास्त वेळ तापवा’ हा दुसरा सल्ला. कृतीत अ‍ॅसिटिक अनहायड्राइड आधीच गरजेपेक्षा जास्त असतं. मर्यादा अ‍ॅनिलीनची असते, त्यामुळे अनहायड्राइड वाढवून पदार्थ वाढत नाही. उलट तयार होणारं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड थोडा पदार्थ विरघळवून ठेवतं आणि तापवणं लांबलं, तर डायअ‍ॅसिटिल संयुगही बनू लागतं.

खरी गळती फ्लास्कमधली अभिक्रिया संपल्यावर सुरू होते, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. ‘रिक्रिस्टलायझेशनला पाणी भरपूर असलं की पदार्थ शुद्ध होतो’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज आहे. १०० मिली उकळत्या पाण्यात सुमारे ५ ग्रॅम अ‍ॅसिटॅनिलाइड विरघळतं आणि तेच पाणी २५ अंशांवर आल्यावरही अर्धा ग्रॅम धरून ठेवतं. घाईत २५० मिली पाणी ओतलं, तर सव्वा ग्रॅम, म्हणजे पाव भाग पदार्थ, गाळणीखालच्या पाण्यात राहतो. म्हणून पाणी उकळतं ठेवून थोडं थोडं घालायचं आणि पदार्थ विरघळला की थांबायचं. गरम द्रावण गाळताना फनेल गार असेल, तर दांड्यातच पांढरे स्फटिक जमून वाट बंद होते. फनेल आधी तापवून घ्यावं.

बीकर लगेच बर्फात ठेवणंही बरं नाही. झपाट्यानं तयार झालेले बारीक स्फटिक अशुद्धी आत अडकवतात. आधी टेबलावर निवू द्या, मग बर्फात. स्फटिक येत नसतील तर काचेच्या कांडीनं बीकरची आतली बाजू खरवडा. धुण्याचं पाणीही बर्फाचंच आणि मोजकं हवं, कारण मार्च-एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे टाकीतून येणारं पाणी कोमट असतं. सक्शन पुरेसा वेळ चालू ठेवा, पदार्थ वाळवा आणि दोन वजनं सारखी येईपर्यंत मोजा.

शुद्ध अ‍ॅसिटॅनिलाइड ११४ अंशांच्या आसपास वितळतं. मेल्टिंग पॉईंट खाली आणि पसरट आला, तर यील्डच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

म्हणून मुलांनो, जर्नलमध्ये क्रूडचं वजन, शुद्ध पदार्थाचं वजन आणि मेल्टिंग पॉईंट तिन्ही जसेच्या तसे लिहा. आणि सर-मॅडमना विनंती: ओल्या ९५ टक्क्यांपेक्षा, नेमकं वितळणाऱ्या ५५ टक्क्यांना जास्त गुण द्या.