घाटातला खेकडा

१२ मे १८५६ रोजी मुंबईहून निघालेली रेल्वे पळसदरीमार्गे खोपोलीला पोचली आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी अडली. १४ जून १८५८ ला घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडीही सुरू झाली, पण मधला डोंगर लोक पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीतून चढत. हा तुटलेला दुवा जोडायला २१ एप्रिल १८६३ उजाडावा लागला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार बोरघाट फोडताना हजारो मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट अंगावर घेऊन काम तडीस नेलं. बोरघाटाच्या इतिहासात त्यांना आणखी मोठी जागा मिळायला हवी, असं मला वाटतं.

मार्ग झाला तरी चढ उरलाच. पायथा ते माथा सुमारे ५५८ मीटर आणि सर्वांत खडी चढण ३७ फुटांना १ फूट. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट्या दिशेने निघे. वाफेच्या इंजिनांनी हे सहा दशकं रेटलं.

ज्या विजेच्या इंजिनासाठी हा लेख लिहितो आहे, ते १९२८ पासून येऊ लागलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने त्याला ईएफ-१ म्हटलं, पुढे ते डब्ल्यूसीजी-१ झालं. अशी ४१ इंजिनं आली: १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरहून, ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. एकाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलं. रेल्वेतल्या माणसांनी मात्र सगळ्यांना एकच नाव ठेवलं, खेकडा. दोन्ही टोकांना लांब बसकं नाकाड, उभं असताना कण्हल्यासारखा आवाज आणि चालताना दांड्यांची सूं-सूं.

या दांड्यांतच त्याचं खरं मर्म आहे. ६५० अश्वशक्तीच्या चार मोटरी, एकेका बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, दोन. मोटरींचा जोर आधी एका आडव्या दांड्यावर येई आणि तिथून जोडदांड्यांनी बोगीच्या तिन्ही आसांना मिळे. म्हणून एकच चाक सुटून गरगरत नसे. घसरायचं तर तिन्ही आस एकदम घसरायला हवेत. पावसाळ्यात घाटातल्या जांब्रुंग-ठाकूरवाडीच्या ओल्या रुळांवर ही पकड किती मोलाची असेल, हे त्या चढावर गाडी अडकलेली पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. उतारावर त्याच मोटरी जनित्रासारख्या फिरत, गाडीला आवर घालत आणि वीज वरच्या तारेत परत सोडत. ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येई.

घाटाच्या पाण्यावरची वीज पायथ्याच्या खालापूर तालुक्याला नवी नव्हती. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी खोपोलीच्या टाटा वीजघरात १९१५ पासून पडत होतं आणि मुंबईच्या गिरण्या फिरवत होतं. रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर उभारलं. ५ नोव्हेंबर १९२९ ला पुण्यापर्यंत १५०० व्होल्ट डीसी वीज पोचली आणि रिव्हर्सिंग स्टेशनही त्याच वर्षी बंद झालं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली. कौतुक तिच्या वाट्याला आलं. मालगाड्यांचं ओझं खेकड्यांनी ओढलं आणि गरज पडेल तिथे मागून रेटलंही.

घाटाच्या पायथ्याला, कर्जतला, गाडीच्या मागे इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी थांबते, बँकर जोडतात, फलाटावर वडापाव घेईपर्यंत काम उरकलेलं असतं. माथ्यावर ते सुटतात आणि एकमेकांना जोडून रिकामे खाली येतात. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच साइडिंग आहेत: ताबा सुटलेली गाडी चढावरच्या आंधळ्या फाट्यावर शिरून थांबावी, म्हणून सांधे मुळात तिकडेच लावलेले असतात.

१९७० ते १९७७ दरम्यान चित्तरंजनच्या कारखान्यात ५७ डब्ल्यूसीजी-२ इंजिनं तयार झाली आणि घाटाचा भार त्यांच्यावर गेला. खेकडे मुंबईत शंटिंगला, रिकामे डबे हलवायला लागले. १९९० च्या दशकापर्यंत त्यांची सेवा संपली. बहुतेक भंगारात निघाले, मोजके जतन झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक पाहायला मिळतो. सपाट रुळांवर, रंग देऊन उभ्या केलेल्या त्या इंजिनासमोर मला वाईट वाटतं, कारण त्या दांड्या कशासाठी आहेत हे तिथे कळायला मार्गच नाही. शेजारी ३७ला १ या चढाचा एक तुकडा तरी उभा करायला हवा.

पुढे घाटात डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आली, तेव्हा डब्ल्यूसीजी-२ सुद्धा निवृत्त झाली. चढ तेवढाच असल्याने कर्जतला बँकर आजही लागतात.