मूत्रल औषधे व विद्युत् विच्छेद्यांचा समतोल

मूत्रपिंडांवर क्रिया करून लवण व पाणी यांचे उत्सर्जन वाढविणाऱ्या औषधांना ‘मूत्रल औषधे’ म्हणतात. उच्च रक्तदाब, हृद्‌निष्फलता व शोफ (सूज) यांवर ती देतात. शरीरद्रवांत आयनरूपाने असणारे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इ. घटक म्हणजे विद्युत् विच्छेद्ये होत. निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडांत दररोज सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यातील सु. ९९% पाणी नलिकांतून पुन्हा शोषले जाते. या पुनःशोषणात मूत्रल औषधे अडथळा आणतात.

फ्युरोसेमाइड हेन्ले पाशाच्या आरोही भुजेत, तर थायाझाइड वर्गातील औषधे त्यापुढील दूरस्थ नलिकेत सोडियमाचे शोषण रोखतात. त्यामुळे संग्राहक नलिकेकडे अधिक सोडियम पोहोचते व ते शोषले जाताना पोटॅशियम मूत्रात टाकले जाते. रक्तातील पोटॅशियम ३·५ मिलिमोल/लि. पेक्षा कमी झाल्यास स्नायुदौर्बल्य, पेटके व हृदयस्पंदनातील अनियमितता उद्‌भवते. डिजॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास हा धोका अधिक असतो. थायाझाइडांमुळे, विशेषतः वृद्धांत, सोडियमही घटते आणि भोवळ किंवा मतिभ्रम होतो. याउलट स्पायरोनोलॅक्टोन व अमिलोराइड ही औषधे पोटॅशियम राखून ठेवतात.

हवामान व आहार यांचाही या समतोलावर परिणाम होतो. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांत उन्हाळ्यात भाताच्या राबाची भाजणी दमट उष्म्यात चालते. अशा कामात घामावाटे पाणी व सोडियम जाते. त्यात थायाझाइडामुळे होणाऱ्या ऱ्हासाची भर पडते. त्यानंतर केवळ साधे पाणी भरपूर प्याल्यास रक्तातील सोडियम आणखी विरल होते. उलटपक्षी, खारविलेली सुकी मासळी व लोणचे यांच्या अतिसेवनाने औषधाचा गुण कमी होतो आणि पोटॅशियमाचा ऱ्हास मात्र वाढतो.

शहाळ्याचे पाणी व केळी यांतून पोटॅशियम मिळते. थायाझाइड घेणाऱ्यास ती सामान्यतः उपकारक असली, तरी मूत्रपिंडे दुर्बल असून स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेल्या रुग्णात तीच पोटॅशियम घातक पातळीपर्यंत वाढवू शकतात व हृदय बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून एका रुग्णाचे पथ्य दुसऱ्यास लागू करू नये. औषध सुरू केल्यावर व मात्रा बदलल्यावर रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिॲटिनीन यांची तपासणी आवश्यक असते. उलट्या, जुलाब किंवा अतिघाम झाल्यास औषधाची मात्रा वैद्याच्या सल्ल्याने त्वरित ठरवून घ्यावी लागते.