ध्रुवाजवळ ड्रोनची दिशाभूल

अंटार्क्टिकातल्या लार्समन टेकड्यांवर आपलं ‘भारती’ हे संशोधन स्थानक आहे. तिथे होकायंत्र हातात धरलं तर सुई उत्तर दाखवत नाही, जवळजवळ पश्चिम दाखवते. कारण दक्षिण चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून बराच दूर, भारतीच्या पूर्वेकडे समुद्रात आहे आणि सुईचं दक्षिण टोक तिकडे ओढलं जातं. हा फरक ड्रोनच्या संगणकाला आधीच सांगून ठेवता येतो. पण चुंबकीय ध्रुवाच्या आणखी जवळ गेलं की एवढ्याने भागत नाही.

ध्रुवांकडे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र तीव्र होतं खरं, पण त्याच्या रेषा जमिनीत उभ्या घुसू लागतात. दिशा कळते ती केवळ आडव्या घटकावरून. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत तो सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला भरतो. तो 6 हजारांच्या खाली गेला की होकायंत्रावर भरवसा नाही आणि 2 हजारांच्या खाली ते निरुपयोगी, असं मानतात. आता उभा घटक 57 हजारांचा धरा. ड्रोनने स्वतःचा कल मोजताना एका अंशाची चूक केली, तरी त्यातले जवळपास हजार नॅनोटेस्ला आडव्या मोजणीत मिसळतात. आडवा घटकच 2 हजार असेल तर दिशा 26 अंशांनीही चुकू शकते. मोटरींच्या तारांतल्या प्रवाहाचा उपद्रव वेगळाच.

दिशा चुकली म्हणजे नेमकं काय होतं? हवेत एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनला वारा पूर्वेकडे ढकलतो. जीपीएसवरून त्याला हे कळतं आणि तो पश्चिमेकडे झुकतो. पण त्याची ‘पश्चिम’ खरी पश्चिम नसते. तो तिरका सरकतो, पुन्हा दुरुस्ती करतो, पुन्हा तिरका जातो आणि गोल गोल फिरू लागतो. चूक 90 अंशांच्या पुढे गेली तर प्रत्येक दुरुस्ती त्याला ठिकाणापासून आणखी लांब नेते. ड्रोन हातचा जातो तो असा, आणि तेव्हा जीपीएस ठणठणीत असतं. आपण कुठे आहोत हे माहीत असणं आणि आपलं तोंड कुठे आहे हे माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ध्रुवीय ड्रोनची खरी कसोटी या दुसरीत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जीपीएसलाही तिथे मर्यादा आहेतच. त्याच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंशांनी कललेल्या असल्यामुळे ध्रुवावरून पाहिलं तर एकही उपग्रह क्षितिजापासून 45 अंशांच्या फारसा वर चढत नाही. त्यामुळे उंचीचा अंदाज ढोबळ राहतो. ध्रुवीय प्रकाश खेळत असताना आयनमंडळ खवळतं आणि संदेश थरथरतात. खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा आधार घ्यावा, तर ढगाळ उजेडातल्या सपाट बर्फावर सावली नसते, खूण नसते.

जमीनही स्थिर नसते. 2019-20 च्या ‘मोझेक’ मोहिमेत ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज बर्फात गोठून आर्क्टिकमध्ये वर्षभर वाहत राहिलं. अशा वाहत्या बर्फाच्या लादीवरून उडालेला ड्रोन ‘घरी परत’ या आज्ञेवर उड्डाणाच्या जुन्या अक्षांश-रेखांशांवर येतो. तोवर जहाज पुढे सरकलेलं असतं.

थंडीचा धाक मात्र जरा जास्तच बाळगला जातो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून विद्युतदाब अचानक कोसळतो हे खरं, पण बॅटरी आधी गरम करून ठेवली की बरंच निभावतं. दिशेचं दुखणं असं शेकून जात नाही. त्यावरचा मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे ड्रोनवर दोन जीपीएस अँटेना बसवणं. दोघींपर्यंत पोहोचणाऱ्या लहरींच्या कलेतला फरक मोजला की एकीकडून दुसरीकडे जाणारी रेषा, म्हणजेच ड्रोनचं तोंड, चुंबकाशिवाय कळतं. अँटेनांत मीटरभर अंतर असेल तर चूक एका अंशाहूनही कमी राहते. हातात मावणाऱ्या ड्रोनवर तेवढी जागा नसते. स्थिर पंखांच्या विमानाचं काम त्यामानाने सोपं, कारण ते सतत पुढे जात असतं आणि वाऱ्याचा हिशेब धरला की मार्गावरूनच दिशा काढता येते. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाने 2024 मध्ये रोथेरा स्थानकावर चाचणीसाठी नेलेला मोठा ड्रोन याच जातीचा होता.