पोरांना घेऊन मासे पकडायला जायचंय? पुण्याजवळ कुठं जायचं, कुठं अजिबात नाही, आधी हे वाचा

रविवारची सकाळ, धरणाचं निवांत पाणी, काठावर बाप-लेक गळ टाकून बसलेत, मागं संथ गाणं आणि शेवटी गळाला लागलेला चमचमता मासा. असली रील एकदा पाहिली की पुढचे चार दिवस तशाच दिसत राहतात. मग घरातलं पोरगं म्हणतं, आपण कधी जायचं?

आमच्या घरी हा प्रश्न माझ्या आठ वर्षांच्या भाच्यानं विचारला. ऑनलाइन रॉड मागवला, डब्यात कणकेचे गोळे घेतले आणि पुण्याजवळच्या एका धरणाच्या बॅकवॉटरला जाऊन बसलो. अर्ध्या तासात दोन गोष्टी झाल्या. पहिली, भाचा पाण्याकडं पळाला आणि पाण्याला हात लागायच्या आधीच गुडघ्यापर्यंत गाळात रुतला. दुसरी, ज्या मच्छीमार काकांनी त्याला ओढून बाहेर काढलं, त्यांनीच नंतर शांतपणे विचारलं की इथं गळ टाकायचा कुणाला विचारून?

उत्तर नव्हतं. म्हणून परत आल्यावर माहिती काढली, ती ही.

धरण सरकारचं, मग मासे कुणाचे?

आपल्याला वाटतं की पाणी सगळ्यांचं, तर मासेही सगळ्यांचेच. गोम इथंच आहे. महाराष्ट्रातल्या धरणांच्या जलाशयांमध्ये मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. संस्था मत्स्यबीज विकत आणते, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं. ती पाण्यात सोडते, वाढू देते आणि मग जाळी टाकून पकडते. थोडक्यात, शेतकऱ्याचं जसं रान, तसं यांचं पाणी.

आपण एक मासा नेला तर काय बिघडतं? एका कुटुंबानं नेला तर फारसं नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्याच काठावर शे-दोनशे गाड्या लागतात, हे आपण विसरतो. त्यामुळं पहिला नियम साधा. काठावर होड्या लागलेल्या दिसतात तिथं जायचं, संस्थेचं कुणी आहे का विचारायचं, हौसेखातर पोराला एक गळ टाकू देतो म्हणून सांगायचं. हो म्हणाले तर बसायचं, नाही म्हणाले तर त्यांच्याकडून ताजे मासे विकत घेऊन यायचं. मला आलेला अनुभव असा की आधी विचारलं, तर हीच माणसं पोराला मासे कुठं लागतात तेही दाखवतात.

आणि एक, पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं काही दिसलं तर व्हिडिओ काढत थांबू नका. लेकरं घेऊन लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

कधी जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. यामागं तीन कारणं आहेत.

एक म्हणजे जून ते ऑगस्ट हा बहुतेक माशांचा विणीचा काळ. कटला, रोहूसारखे मासे नदीला पूर आला की प्रवाहाच्या उलट दिशेनं चढतात आणि अंडी घालतात. तेव्हा पोटात अंडी असलेली एक मादी पकडली, तर पुढची लाखो पिल्लं गेली. समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीलाही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती याच विचारानं.

दुसरं, पावसाळ्यात पाण्याचा भरवसा नसतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. पाणी वाढलं ते बघता बघता.

तिसरं, उन्हाळ्यात पाणी मागं हटतं आणि उघडा पडतो तो गाळ. वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो, आत लोण्यासारखा मऊ असतो. भाचा रुतला तो यातच.

आता जागा बघू

*पानशेत आणि वरसगाव.* पुण्यातून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पानशेत आंबी नदीवर, वरसगाव मोसे नदीवर. दोन्ही धरणं एकमेकांच्या शेजारी. १२ जुलै १९६१ ला फुटलं ते हेच पानशेत, पुढं ते पुन्हा बांधलं. रस्ता चांगला, वाटेत खाण्याची सोय. मात्र हे पुण्याचं पिण्याचं पाणी आहे. उरलेलं आमिष, प्लॅस्टिक, डायपर काठावर टाकलं तर ते फिरून आपल्याच नळाला येणार.

*मुळशी.* चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मुळा नदीवरचं हे धरण टाटा पॉवरचं, वीजनिर्मितीसाठी बांधलेलं. देखावा सगळ्यात सुंदर, पण काठ बऱ्याच ठिकाणी उताराचे. दोन पावलांवर एकदम खोल. लहान मुलं असतील तर इथं डोंगर बघा, भजी खा, गळ राहू द्या. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी सपाट जागा शोधून बसता येईल.

*पवना.* पन्नास-साठ किलोमीटर. काठावर तंबूंचे कॅम्प भरपूर. काही कॅम्पवाले गळ टाकायची सोय आहे म्हणून सांगतात. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. मासेमारीची परवानगी कुणाकडून घेतली आहे? लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? पाण्याजवळ पोहता येणारा माणूस असतो का? तिन्हीची उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर पुढचा कॅम्प बघा.

*भिगवण आणि उजनीचं बॅकवॉटर.* सोलापूर रस्त्यानं शंभर-एक किलोमीटर, दोन तास. माझ्या मते कुटुंबासाठी सगळ्यात भारी जागा हीच, आणि इथं तुम्ही गळ टाकायचीही गरज नाही. पहाटे मच्छीमार जाळी घेऊन परततात, भिगवणला मासळीचा मोठा बाजार भरतो, पोरांना एका सकाळी दहा प्रकारचे मासे बघायला मिळतात. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी येतात. उन्हाळ्यात पाणी खूपच उतरलं तर पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं मंदिर वर येतं. दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ली की परतीचा प्रवास झोपेत.

पण होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेटशिवाय नाही म्हणजे नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. संध्याकाळी आभाळ भरून आलेलं दिसलं तर होडीवाला कितीही आग्रह करू दे, काठावरच थांबा.

*आणि मुंबईकरांसाठी.* पवई तलाव १८९१ चा, त्याच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळकऱ्यांची जुनी संस्था आहे. शिस्तीत शिकायचं तर अशा संस्थेतूनच शिकलेलं बरं. कारण पवईत मगरी आहेत. मनानं कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसायची ही जागा नाही.

कुठं अजिबात जायचं नाही?

पहिलं, शहरातली मुळा-मुठा. पुलांखाली लोक गळ टाकून बसलेले दिसतात, मासे लागतातही. पण शहराचं सांडपाणी याच पात्रात जातं. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरणारे चिलापी, मांगूर असे मासेच तिथं टिकतात. ते खायचे नाहीत आणि पोरांचे हात त्या पाण्यात घालायचे नाहीत. त्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की पात्रातलं पाणी झपाट्यानं चढतं. हेच पाणी पुढं भीमेतून उजनीत जातं, हे भिगवणला कालवण खाताना आठवलं तर आपण नदीत काय सोडतो याचा विचार जरूर करा.

दुसरं, देवाचे डोह. देहूला इंद्रायणीत आणि महाडजवळ वाळण कोंडीत भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासे राखलेत. वाळण कोंडीत मोठाले महाशीर माणसाच्या हातातून खाद्य घ्यायला वर येतात. तिथं गळ नाही, फक्त बघायचं. महाशीर हा आपल्या नद्यांचा राजा. लोणावळ्यात टाटा पॉवरचं महाशीर बीज केंद्र गेली पन्नासेक वर्षं त्याची पिल्लं वाढवतंय. इतर कुठंही तुमच्या गळाला महाशीर लागला तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं. ओळखीच्या कुणाच्या तरी शेतात असतं, त्यात मासे सोडलेले असतात, गर्दी नसते, घरचीच जागा वाटते. पण ते अस्तर शेवाळानं गुळगुळीत झालेलं असतं आणि बाजू उतरत्या असतात. आत पडलेला माणूस, अगदी पोहता येणारा मोठा माणूससुद्धा, वर चढू शकत नाही. वाचवायला उतरलेलाही अडकतो. राज्यात दरवर्षी मुलं अशी जातात. तळ्याला कुंपण नसेल, आत गाठी मारलेला दोर सोडलेला नसेल, हवा भरलेली ट्यूब काठावर नसेल, तर तिथं मुलांना घेऊन जायचंच नाही. मालक सख्खा मामा असला तरी.

पोरांना शिकवायचं काय?

खरी मजा इथं आहे. एकाच तळ्यात मासे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणजे गळ किती खोल सोडला यावर कोण लागणार ते ठरतं. मरळ गवत, वेलींच्या आडोशाला दबा धरून बसते आणि श्वास घ्यायला पाण्यावर येते. मुलांना हमखास लागणारा मासा म्हणजे काठाजवळची चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली गेली आणि आता तिनं आपल्या बऱ्याच पाण्यावर कब्जा केलाय. ती अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, हे सांगितलं की पोरं पुढचा तासभर प्रश्न विचारत राहतात.

सामान फार लागत नाही. बांबूची काठी, दोरी, छोटा गळ, तरंगायला थर्माकोलचा तुकडा, आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेचा गोळा. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, तो पकडीनं दाबून सपाट करा. मासा सोडवायला सोपं जातं आणि चुकून कुणाच्या बोटात घुसला तर निघतो. उलटा काटा असलेला गळ बोटात रुतला तर ओढू नका, तसाच डॉक्टरकडं न्या. मिशीवाल्या माशांच्या कल्ल्यांमागं काटे असतात, ते टोचले की चांगलाच ठणका लागतो, त्यामुळं अनोळखी मासा मुलांच्या हातात द्यायचा नाही.

जिवंत मासा पिशवीत घालून दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडायचा नाही. आफ्रिकन मांगूर असाच सगळीकडं पसरला. २००० साली त्याच्या पालनावर बंदी आली, २०१९ मध्ये हरित लवादानं तो नष्ट करायला सांगितलं, तरी तो अजून संपलेला नाही. आणि तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणायची, कारण तिच्यात बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे पाय अडकतात.

शेवटचा नियम. पाण्यापाशी एका मोठ्या माणसाचं काम फक्त मुलांकडं बघणं. गळ नाही, फोन नाही, रील तर नाहीच. आमच्या वेळी आम्ही चौघं मोठे होतो आणि चौघांनाही वाटत होतं की दुसऱ्याचं लक्ष आहे.

भाचा परत चल म्हणतोय. यावेळी भिगवणला जायचं ठरलंय. त्या काकांचा नंबर घ्यायचा राहिला, पण त्यांचं एक वाक्य सोबत आहे. मासा उद्याही मिळतो, ते म्हणाले होते. पुढचं बोलले नाहीत, भाच्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं नुसतं बघितलं.